लेखा अधिकाऱ्यांच्या संघटनांनी अभ्यासाचे कामही हाती घ्यावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राज्य शासनाच्या वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या संघटनांविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते, ते बहुतेक वेळा वेतनत्रुटी, रखडलेल्या पदोन्नत्या, रिक्त पदे किंवा संपाची नोटीस यांच्या निमित्ताने येते. या मागण्या रास्त आहेत आणि त्यांसाठी संघटनांनी दिलेल्या लढ्याचा लाभ माझ्यासारख्या प्रत्येकाला मिळालेला आहे. मात्र ज्या कामासाठी हा अधिकारीवर्ग नेमलेला असतो ते काम अधिक बिनचूक कसे होईल, त्यातले बारकावे एका पिढीकडून दुसरीकडे कसे जातील आणि अडलेल्याने कोणाला विचारावे, हे पाहणे संघटनेचेही काम असू शकते, असे आपल्याकडे सहसा कोणी म्हणत नाही. लेखा सेवेतून निवृत्त होऊन आता रत्नागिरीत स्थायिक झालेला एक माणूस म्हणून मी ती मागणी या पत्रातून करीत आहे.

विषय सर्वसामान्य वाचकाला दूरचा वाटेल, म्हणून आधी थोडा खुलासा करतो. शासनाचा पैसा प्रत्यक्ष खर्च होतो तो बहुतेक करून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी बसलेल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे कोषागारातून पैसा काढून तो वाटण्याचा अधिकार असलेल्या कार्यालयप्रमुखाच्या, सहीने. हा अधिकारी कधी तहसीलदार असतो, कधी ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक, कधी तालुका कृषी अधिकारी, तर कधी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा प्राचार्य. त्याच्या सहीचे देयक उपकोषागारात किंवा जिल्हा कोषागारात जाते, तेथे तपासून पारित होते किंवा आक्षेप लागून परत येते, आणि पारित झालेली प्रमाणके (व्हाउचर) हिशेबासह ठरल्या मुदतीत मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे रवाना होतात. यातला कोषागार अधिकारी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेचा असतो, जिल्हा परिषदेतला मुख्य लेखा व वित्त अधिकारीही त्याच सेवेचा असतो. परंतु जेथे देयक जन्माला येते तेथला आहरण अधिकारी डॉक्टर, कृषी पदवीधर किंवा अभियंता असतो. त्याने लेखाशास्त्र शिकलेले नसते आणि त्याच्या कार्यालयातला लिपिक लेखा लिपिक परीक्षा उत्तीर्ण असेलच याची खात्री नसते. काढलेल्या पैशाची जबाबदारी मात्र मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ यांनी त्याच्याच अंगावर टाकलेली आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या शासकीय वसतिगृहाभोवती जांभ्याच्या चिऱ्यांची संरक्षक भिंत बांधायची आहे आणि काम चार-पाच लाखांचे आहे. ठेकेदाराचे देयक काढताना आयकर कापायचा. करारमूल्य अडीच लाखांच्या वर असल्याने वस्तू व सेवा कराचा दोन टक्के टीडीएस कापायचा. बांधकाम कामगार कल्याणाच्या उपकराचा एक टक्का वेगळा काढायचा. चिरा कोठल्या खाणीतून आला आणि त्याचे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलेले आहे काय, हे वाहतूक परवान्यावरून पाहायचे आणि पुरावा नसेल तर तेही वसूल करायचे. शिवाय करारात असेल त्याप्रमाणे सुरक्षा ठेव रोखून ठेवायची. यांतल्या प्रत्येक कपातीमागे वेगळा कायदा, नियम किंवा कराराची अट आहे, दर आणि मर्यादा बदलण्याचे अधिकार काही ठिकाणी केंद्राकडे तर काही ठिकाणी राज्याच्या निरनिराळ्या विभागांकडे आहेत, आणि कापलेली रक्कम कोठे व कधी जमा करायची याचे उत्तरही प्रत्येक वेळी निराळे आहे. यातली एक कपात राहून गेली, तर काही वर्षांनी लेखापरीक्षण पथक आल्यावर ती उघडकीस येते. तोपर्यंत ठेकेदार निघून गेलेला असतो आणि वसुली निघते ती बदलून गेलेल्या किंवा निवृत्तीला टेकलेल्या अधिकाऱ्यावर. अशा वसुल्या मी नोकरीत जवळून पाहिल्या आहेत. त्यांत लबाडी क्वचित आढळली. बहुतेक ठिकाणी वेळेवर सांगणारे कोणी नव्हते.

आता वेळेवर सांगायचे म्हटले तरी सांगणार कशाच्या आधारे? मूळ नियम पुस्तकांत आहेत, त्यांतल्या सुधारणा शासन निर्णयांत आहेत, शासन निर्णय संकेतस्थळावर आहेत आणि कित्येक परिपत्रके अजूनही कपाटातल्या नस्तीत आहेत. वर सांगितलेल्या दोन नियमसंचांखेरीज आकस्मिक खर्चाचे १९६५ चे नियम आहेत, वित्तीय अधिकारांची १९७८ ची नियमपुस्तिका आहे, खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आहे. जिल्हा परिषदेत १९६८ ची लेखा संहिता चालते आणि नगर परिषदेत २०१३ ची. संकेतस्थळामुळे फार मोठी सोय झाली, हे मी आनंदाने मान्य करतो, कारण एका परिपत्रकाच्या प्रतीसाठी मुंबईला माणूस पाठवण्याचे दिवस मला आठवतात. पण जुना शासन निर्णय उघडला तर तो आज लागू आहे, अंशतः लागू आहे की अधिक्रमित झाला आहे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. ते ठाऊक असते एखाद्या जुन्या लेखाधिकाऱ्याला. प्रत्येक चांगल्या लेखाधिकाऱ्याजवळ स्वतःची एक वही असते, तीत त्याने वर्षानुवर्षे नियमांपुढे सुधारणा नोंदवलेल्या असतात, आणि ज्या महिन्यात तो निवृत्त होतो त्या महिन्यात ती वहीही कार्यालयातून घरी जाते. तिची जागा आज व्हॉट्सॲपवरच्या गटांनी घेतली आहे. त्या गटांत तत्परतेने मदत होते, पण तेथे मिळणाऱ्या उत्तराला नियमाचा क्रमांक नसतो, तारीख नसते आणि सांगणाऱ्याची जबाबदारीही नसते.

संगणकीकरणाने हा प्रश्न सुटला असे समजणे चुकीचे आहे. राज्याच्या बीम्स या प्रणालीवर अनुदान दिसते, सेवार्थ या प्रणालीतून वेतन देयक तयार होते, ग्रास या प्रणालीवर शासनाचा पैसा घरबसल्या भरता येतो, आणि यांमुळे हातच्या बेरजा व त्यांतल्या चुका जवळजवळ संपल्या, ही राज्याच्या लेखा यंत्रणेची खरी कमाई आहे. तथापि एखादा खर्च त्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) टाकणे योग्य आहे की नाही, किंवा मंजुरी देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार होता की नाही, हे ठरवण्यासाठी नियम वाचलेला माणूसच लागतो.

कोकणाला याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, असे मी म्हणतो त्याला कारण आहे. एक तर अंतरे. मंडणगडच्या माणसाला जिल्हा कोषागारासाठी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून रत्नागिरी गाठावी लागते, आणि दोडामार्गच्या कार्यालयाला लेखा व कोषागारे सहसंचालकांचे कार्यालय व वेतन पडताळणी पथक नवी मुंबईतल्या ज्या कोकण भवनात आहे ते चारशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात घाट बंद झाला की सेवापुस्तकांचा गठ्ठा तसाच पडून राहतो. निवृत्तिवेतनाचे प्रकरण निवृत्तीच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे जावे अशी अपेक्षा असताना, एका त्रुटीसाठी परत आलेले प्रकरण पुन्हा जाईपर्यंत ती मुदत कशी उलटते, हे येथल्या निवृत्त परिचारिकेला किंवा तलाठ्याला विचारावे.

दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या; पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले; २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. अशा वेळी तहसील कार्यालयांतून अल्प काळात मोठ्या रकमा वाटल्या जातात आणि त्या वाटल्या गेल्याच पाहिजेत, कारण छप्पर उडालेल्या माणसाला लेखा संहिता सांगून चालत नाही. पण त्याच आठवड्यांत लेखाविषयक प्रश्नही सर्वांत अवघड असतात. तातडीची रक्कम संक्षिप्त देयकावर, म्हणजे खर्चाचा तपशील मागाहून देण्याच्या अटीवर, काढली असेल, तर तपशीलवार देयक महिन्याभरात गेले पाहिजे; पंचनामे अजून चालू असतील तर ते कसे घडवायचे? खाते क्रमांक चुकल्याने बँकेकडून परत आलेली मदत पुन्हा त्याच लाभार्थ्याला द्यायची की आधी शासनखाती भरायची, आणि आर्थिक वर्ष मध्येच संपले असेल तर काय करायचे? तात्काळ वाटपाची गरज नसेल तर कोषागारातून रक्कम काढून बँकेत ठेवू नये, हे मूलभूत तत्त्व. पण दुसऱ्या दिवशी वादळाचा इशारा असताना आज रक्कम हाताशी ठेवणे तात्काळ गरजेत बसते काय? पुरात भिजलेली रोकडवही आणि सेवापुस्तके पुन्हा उभी करताना दुय्यम सेवापुस्तक, बँकेचे उतारे आणि कोषागारातील नोंदी यांपैकी काय प्रमाण मानायचे? या प्रश्नांची उत्तरे त्या त्या वेळी कोणी ना कोणी शोधलेली आहेत, कारण काम झालेले आहे. ती उत्तरे एकत्र लिहून ठेवलेली मी कोठेही पाहिली नाहीत. प्रलंबित तपशीलवार देयके, उपयोगिता प्रमाणपत्रे आणि अधिकाऱ्यांच्या पदनामाने उघडलेल्या शासकीय ‘वैयक्तिक लेख्यां’मध्ये पडून राहिलेल्या रकमा यांविषयी नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल वारंवार लिहितात, लोकलेखा समितीपुढे साक्षी होतात, आणि पुढच्या आपत्तीत नवा तहसीलदार त्याच प्रश्नांशी पुन्हा पहिल्यापासून झगडतो.

इतर देशांतील वित्त अधिकाऱ्यांनी आपल्या संघटनांकडून काय काम करून घेतले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत राज्यांचे लेखापरीक्षक, लेखानियंत्रक आणि कोषाधिकारी यांची नॅसॅक्ट या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संघटना १९१५ साली स्थापन झाली, आणि राज्यांच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यांची नॅस्बो ही संघटना १९४५ पासूनची आहे. तेथल्या अनेक राज्यांत कोषाधिकारी थेट मतदारांकडून निवडला जातो, त्यामुळे पदांची तुलना करण्यात अर्थ नाही, कामाची करावी. नॅस्बो सर्व राज्यांच्या जमाखर्चाची माहिती एकाच साच्यात गोळा करून नियमितपणे प्रसिद्ध करते आणि पत्रकारांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वजण तिचा आधार घेतात. एका राज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाचे काम इतर राज्यांतील अनुभवी लेखापरीक्षकांनी येऊन तपासावे, अशी व्यवस्था राज्य लेखापरीक्षकांची संघटनाच चालवते. तेथल्या सरकारी लेखापरीक्षण मानकांनुसार अशी बाहेरची तपासणी दर तीन वर्षांनी व्हावीच लागते. १९०६ साली स्थापन झालेली जीएफओए ही शासकीय वित्त अधिकाऱ्यांची संघटना चांगल्या कार्यपद्धतींची टिपणे काढून सर्वांना देते, आणि वित्तीय अहवाल स्पष्ट व पूर्ण लिहिणाऱ्या राज्यांना व नगरपालिकांना १९४५ पासून प्रमाणपत्र देत आली आहे. शासकीय लेखापालांच्या एजीए या संघटनेने १९९४ पासून व्यावसायिक प्रमाणपत्र सुरू केले. त्यासाठी तीन परीक्षा द्याव्या लागतात आणि ते टिकवण्यासाठी दर दोन वर्षांत ८० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. ब्रिटनमधील सार्वजनिक वित्ताच्या लेखापालांची संस्था तर १८८५ सालची आहे. यांतले सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. परंतु एकमेकांचे काम तपासणे आणि शिकलेले लिहून सर्वांपुढे ठेवणे हा व्यवसायाचाच भाग आहे, ही समज आपण घ्यायला हवी, आणि तिला फारसा खर्चही नाही.

इतक्या लांब जायचे नसेल तर बांद्याच्या पलीकडे पाहावे. गोव्यात लेखा संचालनालयाच्या नियंत्रणाखाली सर्व खात्यांसाठी सामाईक लेखा संवर्ग आहे, त्यामुळे खात्यातच लेखा जाणणारा माणूस बसलेला असतो. गोवा लहान राज्य आहे आणि आपल्याकडे तालुक्यातालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाला लेखाधिकारी देणे शक्य नाही, हे मी जाणतो. म्हणूनच जेथे माणूस देता येत नाही तेथे निदान ज्ञान पोहोचावे असे म्हणतो. देशपातळीवर लेखा मानकांसाठी २००२ साली स्थापन झालेले सल्लागार मंडळ आहे, फरिदाबादला अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था आहे, पुण्याला यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. त्यांचे काम मोलाचे आहे, पण वेंगुर्ल्याच्या लिपिकाचा मंगळवारी सकाळी अडलेला प्रश्न तेथे जात नाही.

यावर कोणी म्हणेल की लेखा व कोषागारे संचालनालय आहे, जिल्हा कोषागार अधिकारी आहेत, त्यांना विचारावे. मी त्या व्यवस्थेत वाढलो आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे, तरीही सांगतो की जो अधिकारी उद्या देयक तपासणार आहे त्याला आज शंका विचारताना माणूस कचरतो. विचारलेला प्रश्न अज्ञानाची कबुली ठरेल, अशी भीती वाटते. लेखी मार्गदर्शन मागवले तर उत्तर वरच्या कार्यालयाकडून यावे लागते आणि त्यात महिने जातात. शिवाय कोषागार अधिकाऱ्याने सल्ला द्यावा आणि मग त्याच सल्ल्यावर बेतलेले देयक त्यानेच तपासावे, हे तपासणीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीनेही बरे नाही. सहकाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या उत्तराला शासकीय आदेशाचे बळ नसेल. पण ते उत्तर नियमाचा क्रमांक आणि तारीख दाखवील, आणि विचारणाऱ्याला तो नियम स्वतः उघडून वाचता येईल. निर्णय घेण्याची जबाबदारी त्याचीच राहील, तशी ती राहिलीही पाहिजे.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, राज्यभरच्या निर्णयाची वाट न पाहता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांपुरते एक अभ्यासमंडळ सुरू व्हावे. ते अस्तित्वात असलेल्या संघटनांनी मिळून चालवावे किंवा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली वेगळे नोंदवावे. वित्त व लेखा सेवेच्या अधिकाऱ्यांबरोबर स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयातील मंडळी, जिल्हा परिषदांचे लेखा कर्मचारी, नगर परिषदांचे लेखापाल आणि आहरण अधिकारी यांनाही त्यात प्रवेश असावा. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आज एकाच गावात एकाच प्रकारचे काम करणारी ही माणसे वेगवेगळ्या संघटनांत विभागलेली असून एकमेकांना ओळखतात ती केवळ आक्षेप लावणारा आणि आक्षेपाचे उत्तर देणारा म्हणून. विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा आला की जिल्हा परिषदेत जे धावपळीचे वातावरण असते, ते निम्मे तरी कमी होईल, जर लेखापरीक्षण अहवालाच्या परिच्छेदांतले प्रश्न आधी कोणी मित्रभावाने विचारले असतील. लेखापरीक्षणाच्या आधी शेजारच्या तालुक्यातल्या दोन अनुभवी माणसांनी, अर्थात कार्यालयप्रमुखाच्या लेखी संमतीने, रोकडवही आणि खर्चमेळ (कार्यालयाच्या व कोषागाराच्या खर्चनोंदींचा ताळा) डोळ्यांखालून घालावा, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

मंडळाने काही पथ्ये सुरुवातीपासून पाळावीत. सल्ला सर्वसाधारण प्रश्नावर द्यावा, कोषागारात दाखल असलेल्या देयकावर कधीही देऊ नये. उदाहरणे लिहिताना कार्यालयाचे व व्यक्तीचे नाव येऊ देऊ नये. १९७९ चे वर्तणूक नियम आणि अभिलेखांची गोपनीयता यांना धक्का लागता कामा नये. पैसा फक्त सदस्यांच्या वर्गणीतून यावा. अमेरिकेतल्या काही संघटना खासगी कंपन्यांना सहयोगी म्हणून सामावून घेतात. आपण ते करू नये, कारण ज्यांची देयके तपासायची त्यांच्याच पैशावर सभा भरवणे कोणालाही पटणार नाही, मग हेतू कितीही स्वच्छ असो. आणि वेतन, बदल्या, पदोन्नत्या हे विषय या व्यासपीठावर येऊ नयेत. त्यासाठी संघटना आहेतच, आणि ते विषय आले की अभ्यास मागे पडतो.

पहिले काम म्हणून मी आपत्तीच्या काळातील आहरण व संवितरणाची मराठी पुस्तिका सुचवतो. निसर्ग, तौक्ते आणि २०२१ च्या पुराच्या वेळी तहसील कार्यालयांत, उपकोषागारांत आणि जिल्हाधिकारी कार्यालयांच्या लेखा शाखांत काम केलेली माणसे अजून सेवेत आहेत किंवा नुकतीच निवृत्त झाली आहेत. आणखी काही वर्षांनी त्यांना एकत्र आणणे अवघड जाईल. प्रश्न, लागू नियम, त्या वेळी काय केले आणि नंतर लेखापरीक्षणात काय टिकले, एवढी चार अंगे प्रत्येक प्रसंगाला लिहिली तरी पुस्तिका उपयोगाची होईल, आणि मसुदा सहसंचालक कार्यालयाला दाखवून त्यांच्या दुरुस्त्यांसह छापता येईल. बैठकीसाठी चिपळूण तिन्ही जिल्ह्यांना रेल्वेने सोयीचे आहे. ज्या सेवेतील व निवृत्त सहकाऱ्यांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी आपली नावे आपापल्या जिल्ह्यातील संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे द्यावीत, आणि पदाधिकाऱ्यांनी मार्चअखेरची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे एप्रिलमध्येच, पहिली बैठक बोलवावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी मसुद्याला हात घालता येईल. लेखनाचे व संकलनाचे काम करण्यास मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी, रत्नागिरी